सहा घरांची एक वायर

लोटन नाना कोणाच्याही घरी गेले की आधी हाताची मागची बाजू वस्तूंना लावून बघायचे. फ्रिजचं दार, कूलरची पत्र्याची पेटी, खिडकीचे गज, मोरीतला नळ. तळहात कधी नाही. बोटांची मागची बाजू, तीही क्षणभर, तापलेल्या तव्याचा अंदाज घ्यावा तशी. शिवाय पायातली रबरी स्लिपर ते दारात काढत नसत, त्यामुळे पुष्कळ घरांत त्यांचं स्वागत नाराजीनेच व्हायचं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा विक्षिप्त आहे. कारण त्यांनीच नंतर सांगितलं. विजेचा धक्का बसला की हात आखडतो आणि मूठ मिटते. तळहाताने धरलेली वस्तू मग सुटत नाही. मागच्या बाजूने शिवलं तर मिटणारा हात वस्तूपासून लांब जातो. एवढं सांगून ते म्हणाले, "हे मला कोणी शिकवलं नाही. शिकवणारे धरून राहिले."

त्यांची माझी गाठ पडली ती माझ्या कॉम्प्युटरमुळे. मी जळगावात आईवडिलांजवळ राहते आणि घरं बांधून होण्याआधी ती कशी दिसतील याची चित्रं आर्किटेक्ट लोकांना करून देते. एकेका चित्राला मशीन दहा-बारा तास घेतं, म्हणून चांगलं दमदार मशीन लागतं. ते मी स्वतः जोडलं होतं. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, एकेक वस्तू निवडून मागवली आणि व्हिडिओ बघत बघत जेवणाच्या टेबलावर बसवली. पहिल्यांदा स्क्रीन उजळली तेव्हा आईने मशीनच्या डब्याला हळदकुंकू लावलं होतं. मला त्या मशीनचा अभिमान होता, आणि अभिमान असला की माणूस दोष फार उशिरा कबूल करतो.

एप्रिल लागला तसं ते मध्येच बंद पडू लागलं. चित्र निम्म्यावर आलेलं असायचं आणि स्क्रीन काळी व्हायची. कुठला इशारा नाही, कुठला संदेश नाही. मला वाटलं, उन्हाळा आहे, तापत असेल. मी पंखे साफ केले, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, डब्याची एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला. विंडोज पुसून परत टाकलं. दोन-तीन दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. मग एके दिवशी ते सुरूच होईना. पंखे फिरत, दिवे लागत, स्क्रीनवर काही नाही. आत रॅमच्या शेजारी मदरबोर्डवर एक बारीकसा लाल दिवा तेवढा लागून राहायचा. बाजारातल्या दुकानदाराने डबा न उघडताच सांगितलं की बोर्ड गेला, नवीन घ्या. मला काम देणाऱ्या एका आर्किटेक्टने मग नानांचा पत्ता दिला.

नाना मूळचे सोनगीरचे. धुळ्याकडच्या एका सूतगिरणीत त्यांनी वायरमन म्हणून हयात घालवली. शेवटच्या काही वर्षांत गिरणीत कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली, तेव्हा पन्नाशीत त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तिका वाचल्या आणि ती यंत्रं शिकून घेतली. गिरणी बंद झाल्यावर ते जळगावला लेकीकडे आले आणि घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं काम करू लागले. खोलीत एक जाड लाकडी टेबल, त्यावर वर्तमानपत्र. उघडलेल्या मशीनचे स्क्रू ते अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवत, एका खळग्यात एका जागेचेच.

त्यांनी माझ्या मशीनला हात लावला नाही. मला बसवलं आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांग, माय. बंद पडलंय ते मला दिसतंच आहे. त्याच्या आधीचं सांग."

मी सांगत गेले आणि ते ऐकत गेले. घरात गेल्या दोन-तीन महिन्यांत काय बदललं, कोणती नवीन वस्तू आली, शेजारी कुठे बांधकाम झालं का, असलं बरंच विचारलं. मला ते प्रश्न गैरलागू वाटले. बिघाड डब्यात होता आणि हा माणूस माझ्या शेजाऱ्यांची चौकशी करत होता. शेजारी एका घरी पोर्च वाढवलाय, एवढं मी सांगितलं.

मग त्यांनी मशीन पूर्ण उघडलं. फक्त बोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय आणि रॅमची एक पट्टी एवढंच जोडून सुरू केलं. नाही झालं. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. नाही झालं. पट्टी बदलली आणि स्क्रीन उजळली. मला टाळी वाजवावीशी वाटली. मी म्हटलं, आता दोन्ही नवीन पट्ट्या टाकू आणि पॉवर सप्लायही बदलून टाकू, म्हणजे कटकट नको. त्यावर ते पहिल्यांदा अहिराणीत बोलले. एरवी गिऱ्हाइकांशी ते शहरी मराठीच बोलत. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की गावची भाषा यायची.

"एक येळले एकच गोट बदलानी," ते म्हणाले. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशाने झालं ते कळत नाही, आणि जे कळत नाही ते परत येतं, असा त्यांचा हिशेब.

जळालेली रॅमची पट्टी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. "मरेल सापडनं," ते म्हणाले. "मारणारा सापडना नही."

मशीन त्यांनी पाच दिवस ठेवून घेतलं आणि चोवीस तास जड काम देऊन चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. सहाव्या दिवशी मला देताना ते खूश नव्हते. त्यांनी एक शाळकरी वही दिली आणि सांगितलं, की आता बंद पडेल तेव्हा तारीख, वेळ आणि त्या क्षणी घरात काय काय चालू होतं ते लिहायचं. फक्त कॉम्प्युटरचं नाही, घरातलं सगळं. क्षुल्लक वाटलं तरी लिहायचं. "हाई मशीन खोटं बोलत नही," ते म्हणाले. "आपण अर्धंच ऐकतो."

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी ते बंद पडलं. मी लिहिलं. सकाळी पावणेसात, पंखा, फ्रिज, मोटार. मग दोन दिवसांनी सहा वीस. मग पुन्हा दोन दिवसांनी सात. चार नोंदी झाल्या तेव्हा माझ्याच लक्षात आलं. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, सकाळी सहा ते साडेसात. मशीन फक्त पाण्याच्या दिवशी, पाण्याच्या वेळी बंद पडत होतं.

त्याच आठवड्यातली एक गोष्ट मात्र मी वहीत लिहिली नाही. आमची सोसायटी म्हणजे नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची एका ओळीतली सहा घरं. आमचं तिसरं. शेवटच्या, सहाव्या घरात इंदूअक्का एकट्या राहत. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. मुलगी लग्न होऊन धुळ्याला. ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी केल्या की दोन आमच्याकडे हमखास यायच्या. मी त्यांचा डबा परत द्यायला गेले तेव्हा त्या अंगणात पाणी भरत होत्या आणि उजव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. मी विचारलं तर हसून म्हणाल्या, "हल्ली नळ चावतो गं मला. पाणी आलं की चावतो, मग दिवसभर गप." मीही हसले. त्याचा माझ्या कॉम्प्युटरशी काय संबंध, म्हणून ते वहीत गेलं नाही.

वही वाचून नाना पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला आमच्याकडे आले. माझ्या डब्याला त्यांनी हाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढून घेतली. टेस्टर लावला, त्याचा दिवा लागला. कूलरला लावला, लागला. आईच्या गॅसच्या ओट्याशेजारच्या नळाला लावला, तिथेही मंद का होईना, लागला. आईने विचारलं, हे काय. नानांनी तिला आधी चपला घालायला सांगितल्या आणि आमची पाणी खेचायची मोटार बंद केली. टेस्टर लागतच राहिला.

"तुमच्या घरातलं नाही हे," ते म्हणाले.

घरांच्या मागून कंपाउंडच्या भिंतीला धरून अर्थिंगची हिरवी वायर गेलेली होती. ते तिच्यामागे चालत पहिल्या घरापर्यंत गेले. ती वायर जिथे जमिनीत उतरायला हवी, त्या कोपऱ्यात आता चौधरी सरांचा नवा पोर्च होता. चकचकीत फरशी, वर पत्र्याचं छत. पोर्च बांधताना कोणीतरी वायर कापून तिचं टोक टेपने गुंडाळलं होतं आणि भिंतीच्या फटीत खोचून दिलं होतं. नानांनी पकडीने ते टोक बाहेर ओढलं आणि मला दाखवलं. सहाही घरांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं होतं, आणि जमिनीला कोणाचंच नव्हतं. एका घरात कुठे करंट फुटला की तो जमिनीत न जाता सहाही घरांच्या लोखंडावर चढत होता. माझ्या मशीनला इंटरनेटची तार बाहेरून येत होती. डब्यावर चढलेला करंट तिच्यातून पळायचा आणि वाटेत जे नाजूक सापडेल ते जाळायचा. म्हणून रॅम गेली होती, म्हणून मशीन बंद पडत होतं.

करंट कोणत्या घरातून फुटतोय ते शोधायला प्रत्येक घरातली मोटार थोडा वेळ बंद करून बघावी लागणार होती. चौधरी सर एका शाळेत शिक्षक आणि सोसायटीचे अध्यक्ष. ते म्हणाले, फरशी फोडायचा विषय मीटिंगमध्ये घेऊ, आणि मोटारींचं तुम्ही बघून घ्या, पण लवकर, पाणी जाईल. दुसऱ्या घराने करू दिलं. त्यांची मोटार चांगली निघाली. चौथ्या-पाचव्यातल्या लोकांनी खिडकीतूनच सांगितलं, की उन्हाळ्यात कूलरला थोडं झिणझिणतंच, त्यात एवढं काय. मग आम्ही अक्कांच्या फाटकाशी गेलो. त्यांचा एक हंडा भरायचा होता. मागे कोणीतरी त्यांची मोटार बघायला म्हणून उघडली होती आणि दोन पाळ्या त्यांना पाणी मिळालं नव्हतं. त्या म्हणाल्या, माझ्या मोटारीला कोणी हात लावायचा नाही. नानांनी समजावलं. त्या ऐकेनात. नानांचा आवाज चढला, मग त्यांचाही चढला. लोक गच्चीवर येऊन बघू लागले. कोणीतरी म्हणालं, बाहेरचा माणूस सकाळी सकाळी बायकांशी भांडतोय.

मला दुपारी बारापर्यंत एक चित्र द्यायचं होतं, आणि मला लाज वाटत होती. मी नानांच्या जवळ गेले.

"नाना, राहू द्या आता," मी म्हणाले. "माझं मशीन तेवढं नीट करून द्या. सोसायटीचं मी बघते."

त्यांनी रुमालाने हात पुसले आणि माझ्यामागे परत आले. त्यांनी आमच्या घराची वायर त्या सामाईक वायरीपासून तोडली, आमच्या अंगणात खड्डा खणून पाइप गाडला, भोवती मीठ आणि कोळसा भरला, आणि आमचं अर्थिंग वेगळं केलं. त्या दिवसापासून माझं मशीन आजतागायत बंद पडलेलं नाही. जाताना त्यांनी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, की मोटार चालू असताना लोखंडाला हात लावू नये, आणि तो सोसायटीच्या फाटकाला चिकटवला. दुसऱ्या दिवशी कागद नव्हता. पाचव्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार होते, बरं दिसत नाही म्हणून कोणी काढला असं नंतर कळलं.

मी बघते म्हणाले होते, आणि मी खरंच चौधरी सरांना दोनदा विचारलं. पहिल्या रविवारी मीटिंग झाली नाही, दुसऱ्याही झाली नाही. नाना दर पाण्याच्या दिवशी सकाळी फोन करत. एकच विचारत, झाली का मीटिंग. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, होईल. चौथ्या वेळी मी फोन उचलला नाही.

आज विचार करते तेव्हा कळतं, की त्या सहा घरांत आरडाओरडा करणारी एकच वस्तू होती, माझा कॉम्प्युटर. दर पाण्याच्या दिवशी तो मरून सांगत होता. आम्ही त्याला त्या वायरीपासून सोडवलं आणि सगळं शांत झालं. ती शांतता मला सुखाची वाटली. मी त्या तीन आठवड्यांत जेवढी चित्रं केली तेवढी एरवी दोन महिन्यांत झाली नसती.

गुरुवार होता. पाणी आलेलं. मी मशीनसमोर बसले होते, पडद्यावर एका बंगल्याची खिडकी हळूहळू उजळत होती. बाहेर बादली पडल्याचा आवाज झाला आणि मग पाणी सांडत राहिल्याचा. बादली पडली की कोणी तरी ती उचलतं, नळ बंद करतं. तो आवाज तसाच चालू राहिला. मी उठून गच्चीत आले तेव्हा पाणी सहाव्या घराच्या फाटकातून रस्त्यावर येत होतं. मी खाली धावले.

अक्का टाकीच्या कडेला पडलेल्या होत्या. उजवा हात मोटारीच्या पाइपवर होता आणि हाताला पिशवी नव्हती. मोटार चालू होती. चौधरी सर शाळेत जायच्या तयारीत होते, ते तसेच धावत आले आणि ओल्या अंगणात अनवाणीच आत शिरून त्यांना धरायला वाकले. मी हातात सापडली ती प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या छातीवर ढकलली. ते मागे पडले. मी बाहेरच्या भिंतीवरचा मेन स्विच पाडला, आणि मोटारीचा आवाज थांबल्यावरच आम्ही त्यांच्याजवळ गेलो. आम्ही त्यांना गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

मला तेव्हा पिशवी आठवली. हसून सांगितलेलं वाक्य आठवलं. वहीतली ती कोरी जागा आठवली.

नानांना मीच फोन केला. ते दुपारी आले. अक्कांची मुलगी धुळ्याहून निघाली होती, अजून पोचली नव्हती. नाना अक्कांच्या पायरीवर बसले. मी त्यांना नळाचं सांगितलं. मी वहीत लिहिलं नाही हे सांगितलं, आणि मी तुम्हाला थांबवलं हेही. मला वाटलं होतं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी मला गिरणीची गोष्ट सांगितली. एका यंत्राला घंटा होती. आत कुठे गडबड झाली की ती वाजायची आणि यंत्र थांबायचं. एका उन्हाळ्यात ती सारखी वाजू लागली. नानांनी दोन दिवस शोधलं, काही सापडलं नाही. वरून सांगणं आलं की माल अडतोय, घंटेची वायर काढून टाक. त्यांनी काढली. आठ दिवसांनी त्या यंत्रावरचा एक कामगार दगावला. त्यांच्याच गावचा होता. चौकशीत नानांचं नावही आलं नाही, कारण वायर काढायचा हुकूम तोंडी होता आणि काढली कोणी ते कोणी विचारलं नाही.

"घंटी खोटी वाजत नही," ते म्हणाले. "हे मला माहीत होतं. तरी तुझ्या घरची वायर तोडून मी निघून गेलो. पुन्हा तेच केलं."

मी म्हटलं, मी सांगितलं म्हणून तुम्ही थांबलात.

"तू सांगितलं म्हणून नाही," ते म्हणाले. "मी थकेल व्हतू, माय. भांडाना कटाळा उना व्हता. तुझं सांगणं मला सोयीचं पडलं."

दहाव्याचं झाल्यावर नाना पहार आणि कोळशाची गोणी घेऊन आले. चौधरी सरांनी कोणाला बोलावलं नाही. स्वतःच घण घेऊन आपल्या पोर्चची फरशी फोडायला बसले. नीट फोडता येत नव्हतं, हात सोलले, तरी दुसऱ्या कोणाच्या हाती घण देईनात. खाली जुना खड्डा सापडला, सिमेंटने भरलेला. नानांनी त्याच्या शेजारी नवीन केला. मग सहाही घरांत गेले. या वेळी कोणी खिडकीतून बोललं नाही. अक्कांच्या मोटारीच्या आत एका वायरीचं आवरण विरून गेलेलं होतं, नखाएवढ्या जागेत. नानांनी ते अक्कांच्या मुलीला दाखवलं नाही. नुसती मोटार काढून घेतली.

त्यानंतर त्यांनी दुरुस्तीची कामं कमी केली. पाण्याच्या दिवशी सकाळी वेगवेगळ्या कॉलन्यांत जायचं आणि दारं वाजवायची, एवढंच ते करू लागले. मी स्कूटरवर त्यांना घेऊन जात असे. दार उघडलं की सांगायचं, आम्हाला काही विकायचं नाही, अर्थिंग तपासू द्या. पुष्कळांनी दार लावून घेतलं. काहींनी वाईट शब्द वापरले. एका ठिकाणी आम्हाला चोर समजून लोक जमले होते. मी शरमेने मागे सरकत असे. नाना हलत नसत. रिंगरोडच्या एका गल्लीत एका बाईंनी तीन वेळा नाही म्हटलं, तेव्हा ते त्यांच्या फाटकाबाहेर उन्हात जमिनीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "मी आठेच बठस." अर्ध्या तासाने बाईंनी फाटक उघडलं. त्यांच्या कपडे वाळत घालायच्या तारेला करंट होता. त्यांनी नानांना पाणी दिलं, चहाला थांबवत होत्या. नाना थांबले नाहीत. पाणी जायला वीस मिनिटं होती आणि गल्लीत अजून घरं होती.

एका वर्षात अशी सात घरं सापडली. किती वाचले, असा हिशेब त्यांनी कधी केला नाही. मी एकदा करू लागले तर म्हणाले, वाचलेला माणूस ओळखायचा कसा, त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना धाप लागायला लागली. मुलगा धुळ्यात असतो, तो त्यांना तिकडे घेऊन गेला. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा दवाखान्यात होते, नाकात नळी, बोलणं तुटक. खाटेच्या लोखंडी दांड्यावर हात पडला होता, तो त्यांनी उचलून पोटावर घेतला. मी इकडचं तिकडचं बोलत होते. चौधरी सरांनी शाळेत मुलांना अर्थिंग समजावून सांगितलं, ते ऐकून नानांना बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "ते कुलूप उघडनं का?"

मला लगेच कळलं. आमच्या शेवटच्या फेरीत एका गल्लीतलं टोकाचं घर राहिलं होतं. मालक बाहेरगावी, दाराला कुलूप. शेजारचे म्हणाले होते, की दोन्ही घरांची वायर एकच आहे आणि शेजारचा नळ कधी कधी झिणझिणतो. आम्ही तिथे चार वेळा गेलो होतो. मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा जाईन, असं मी म्हटलं नाही. बघते, असलं काही मी त्यांना एकदा सांगितलेलं होतं.

दहा दिवसांनी ते गेले. सोनगीरला नेलं. आम्ही सोसायटीतले तीन घरचे लोक गेलो होतो, चौधरी सरही होते. दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी होता.

सकाळी साडेसहाला मी त्या गल्लीत गेले. टोकाच्या घराच्या दाराला कुलूप नव्हतं. अंगणात नवी चप्पल, दोरीवर लहान मुलाचे कपडे. भाडेकरू आलेले असावेत. आतून मोटारीचा आवाज येत होता आणि फरशीवर पाणी पडत होतं. फाटक ढकलायच्या आधी मी थोडी थांबले. या वेळी माझ्या बाजूला नाना नव्हते. मग मी लाकडी दारावर जोरात थापा मारल्या, आणि कोणी येईना तेव्हा आणखी जोरात.

एका तरुण माणसाने दार उघडलं. बनियनवर होता, अनवाणी, हात कोपरापर्यंत ओले. कपाळाला आठ्या घालून त्याने विचारलं, काय पाहिजे.

"आधी मोटार बंद करा," मी म्हणाले. "हात पुसून, चपला घालून. मग सांगते."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मीही उभी राहिले.